फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात

दोन जानेवारी, रात्रीचे नऊ बावन्न. ओटा आवरून हात पुसत मोबाइल उचलला, तर दुसरी ‘ब’च्या ग्रुपवर सूचना: उद्या सावित्रीबाई फुले जयंती, सर्व मुलींनी सावित्रीबाईंच्या वेशभूषेत यावे. खाली जोडलेले हात. लेक केव्हाच झोपली होती.

पुढचा तासभर आमच्याकडे जे झालं, ते वर्गातल्या सगळ्या मुलींच्या घरी झालं असणार. सासूबाईंनी त्यांचं जुनं सुती पातळ काढून दिलं, मी ते मधोमध फाडायचं धाडस केलं (त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या), आणि नवरा सेफ्टी पिना मागायला शेजारी गेला. सकाळी सव्वासहाला नवा पेच: स्वेटर पातळाच्या आत की बाहेर? बाहेर घातला तर आजवर कुणी न पाहिलेल्या निळ्या स्वेटरातल्या सावित्रीबाई दिसायच्या. शेवटी आत घातला. दारातून निघताना लेक म्हणाली, “आई, सावित्रीबाई पिशवीत दुसरं लुगडं न्यायच्या ना, लोक शेण मारायचे म्हणून? मग माझं दुसरं कुठाय?”

सात वर्षांच्या पोरीला ही गोष्ट कुणीतरी नीट सांगितलेली आहे. तिच्या बाईंनीच सांगितली असणार. मग वेशभूषा कशाला हवी होती? फुल्यांच्याच शाळेतल्या मुक्ता साळवेचा निबंध 1855 साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला होता. त्यातल्या चार ओळी वर्गात वाचल्या असत्या, तर आमचं पातळ वाचलं असतं.

असो. जानेवारी म्हणजे प्राथमिक शाळेच्या पालकांचा मार्च एंड. बारा तारखेला जिजाऊ आणि विवेकानंद. तेराला भोगीचा डबा. संक्रांतीला काळे कपडे. सहलीचं संमतीपत्र, दोन पालकांच्या सह्या. स्नेहसंमेलनाच्या नाचाचे पैसे, सुट्टे. सव्वीस जानेवारीला पांढरे बूट, एरवी काळे. यातल्या एकाही सूचनेवर आम्ही काही विचारू शकत नाही, कारण ग्रुपच्या तळाशी कायमची पाटी आहे: फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात. म्हणून आम्ही आयांनी दुसरा ग्रुप काढलाय. त्यात पहिल्या ग्रुपमधल्या सूचनांचा अर्थ लावला जातो, टीकाकारांनी मूळ ग्रंथाचा लावावा तसा. ‘पारंपरिक वेश म्हणजे फेटा धरायचा का?’ यावर आमच्याकडे त्रेसष्ट मेसेज आहेत.

भोगीच्या डब्याची सूचना मात्र मला मनापासून आवडली. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ असं आजी म्हणायची, तेव्हा आम्ही नाक मुरडायचो. माझ्या लेकीनेही घरी नाक मुरडलं आणि वर्गात पंधरा डब्यांतली पंधरा प्रकारची भाजी चाखून आली. कुणाच्या भाजीत बोरं होती, कुणाच्या ओले हरभरे, एकीच्या भाजीत ऊसच होता. ही सूचना चार दिवस आधी आली होती, म्हणून मंडईत जाता आलं. एवढंच तर मागणं आहे.

नायलॉन मांजाची सूचना मात्र आली संक्रांतीच्या सकाळी. माझं आजोळ येवल्याचं. तिथे भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस पतंग चालतो, आणि आसारी (मांजा गुंडाळायची चक्री) कुणाची चांगली याच्या गप्पा डिसेंबरातच सुरू होतात. राष्ट्रीय हरित लवादाने या मांजावर 2017 सालीच बंदी घातलीय, तरी दरवर्षी गळे चिरतात. चक्री भरून झाल्यावर कोणता पोरगा मांजा बदलणार? हे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सांगायला हवं, आणि पालकांना नाही, मुलांना. मुलं बापाला गप्प करतात.

पण मला खरं बोलायचंय ते न आलेल्या सूचनेबद्दल.

8 फेब्रुवारी 2024 ला शासनाने निर्णय काढला, की पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत. त्याआधी डिसेंबरमध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस जाहीर कार्यक्रमात मुलांच्या अपुऱ्या झोपेबद्दल बोलले होते. निर्णय 2024-25 पासून लागू. ज्या शाळांना खरंच शक्य नाही त्यांनी शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता घ्यायची, अशी सोयही त्यात ठेवलेली. त्यानंतरची ही दुसरी थंडी. आमची शाळा आजही सात दहाला भरते.

जानेवारीत नाशिकला सूर्यच सातनंतर उगवतो. व्हॅनवाले काका पावणेसातला येतात, म्हणजे लेक अंधारात खाली उतरते. वाऱ्याने व्हॅनची एक काच कायम वाजत असते. निफाडच्या कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा किती उतरला, याची बातमी आपण मोठी माणसं रजईत बसून चवीने वाचतो, आणि त्याच सकाळी आपली पोरं कानटोपी सावरत पहिल्या तासाला पाढे म्हणत असतात. माझं माहेर निफाडकडचंच. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी थंडीत पहिला तास घ्यायचेच नाहीत. अख्खा वर्ग बस्करं घेऊन भिंतीशी, कोवळ्या उन्हात. पाठ उन्हाकडे, पाटी मांडीवर. शासन निर्णय-बिर्णय काही नव्हता त्याला.

आता कबुली. गेल्या जूनमध्ये पालकसभेत वेळेचा विषय निघाला होता. मुख्याध्यापक म्हणाले, इमारत एक, सत्रं दोन, दुपारी माध्यमिकचे वर्ग, नऊची शाळा कुठे बसवू? त्यात तथ्य आहे. मग त्यांनी विचारलं, किती पालकांना सकाळचीच वेळ सोयीची? हात वर झाले. त्यात माझाही होता. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, साडेआठला रक्त द्यायला आलेल्यांची रांग लागलेली असते. शाळा नऊची झाली तर लेकीला व्हॅनपर्यंत कोण सोडणार? सासूबाईंचे गुडघे, नवऱ्याची पहिली पाळी. त्या सभेत सगळ्यांच्या सोयीची बेरीज झाली, फक्त ज्यांना उठायचं असतं ती पोरं मैदानावर खेळत होती. आज तोच प्रश्न आला तर मी हात खाली ठेवीन. सोडण्याचं काय करायचं याचं उत्तर माझ्याकडे अजूनही नाही.

आणि ते शंभर टक्के हजेरीचं प्रशस्तिपत्र! सूचना आलीय: स्नेहसंमेलनात पूर्ण हजेरी असलेल्या विद्यार्थ्यांचा सत्कार. लॅबमध्ये बसून मी या दिवसांत बघते ना, गणवेशातली लहान लहान मुलं, डोळे लाल, अंगात ताप, आणि आई विचारतेय, “रिपोर्ट दहापर्यंत मिळेल का? मधल्या सुट्टीपर्यंत शाळेत सोडते, एक दिवस बुडाला तर तिचं सर्टिफिकेट जाईल.” मग ते पोर चाळीस मुलांच्या वर्गात जाऊन खोकतं, आणि पुढच्या आठवड्यात त्यातली सहा-सात आमच्या रांगेत. आजारी पडलं नाही म्हणून सत्कार कसला? तापात घरी झोपलेल्या मुलाचं काय चुकलं? हे प्रशस्तिपत्र याच वर्षी बंद करा, असं माझं स्पष्ट मत आहे.

अजून एक न आलेली सूचना. गेल्या वर्षी, 2025 मध्ये, आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने गरीब घरांतल्या मुलांसाठी राखून ठेवलेल्या पंचवीस टक्के जागांचे ऑनलाइन अर्ज सुरू झाले 14 जानेवारीला, नेमके संक्रांतीच्या दिवशी. ग्रुपवर त्या दिवशी तिळगुळाच्या चित्रांचा पूर. आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशींची नात पहिलीत जायची होती. त्यांना अर्ज सुरू झाल्याचं कळलं ते मी सांगितलं म्हणून, आणि मला कळलं ते लॅबमधल्या पेपरमुळे. उत्पन्नाचा दाखला काढायला मावशींनी दोन खाडे केले. ज्यांची धाकटी भावंडं पहिलीत जायची आहेत अशा घरांसाठी एक ओळ टाकायला काय लागतं? बुटांच्या रंगावर तीन सूचना आल्याच ना?

हे सगळं बाईंवर काढायचं नाहीये. पातळाच्या प्रकरणानंतर मी त्यांना व्हॅनपाशी गाठलं. त्या हसल्या आणि त्यांचा मोबाइल दाखवला. त्यांनाही ती सूचना वरून रात्री साडेनऊला आली होती, आणि सोबत एक ताकीद: कार्यक्रमाचे फोटो दुसऱ्या दिवशी बारापर्यंत पाठवावेत. त्याच आठवड्यात मतदार यादीचं काम, एक ऑनलाइन माहिती भरणं, आणि वर्गात दोन मुलांना उलट्या. त्यांच्या शिक्षकांच्या ग्रुपवरही म्हणे तीच पाटी आहे, फक्त ॲडमिन. वेशभूषा म्हणजे फोटो, एवढंच त्याचं कारण. वाचलेल्या चार ओळींचा फोटो येत नाही.

सव्वीसचं सांगते, कारण आमच्या दुसऱ्या ग्रुपवर त्यावरून वाद चाललाय. शाळेचं झेंडावंदन सव्वासातला, इतकं लवकर का, तर मुख्य शासकीय ध्वजारोहण सव्वानऊला असतं आणि साडेआठ ते दहा या वेळात इतरांनी कार्यक्रम घ्यायचा नसतो. तेव्हा सव्वासातला उगाच शाळेवर चिडू नका. दहानंतर घेता आलं असतं, हे मात्र खरं.

येत्या शनिवारी पालकसभा आहे. मी दोन विषय लिहून दिलेत: हजेरीचं प्रशस्तिपत्र आणि नऊची वेळ. निदान डिसेंबर-जानेवारीपुरती तरी. दोन सत्रांच्या शाळेत नऊची वेळ कुणी बसवली असेल, तर माध्यमिकचे वर्ग कसे सरकवले आणि व्हॅनवाल्यांनी किती वाढवून मागितले, तेवढं खाली लिहा. मुख्याध्यापक पहिला प्रश्न तोच विचारणार आहेत.