बाहेरच्या माणसाची सही

शिरोली एमआयडीसीतल्या दोघा भागीदारांनी जनरल मॅनेजर हवा म्हणून जाहिरात दिली, आणि गेले पंधरा दिवस कोल्हापुरातल्या कारखानदार मित्रमंडळींत त्यावरून वाद पेटला आहे. दोघंही इंजिनिअर, दोघांचेही हात मशीनवर बसलेले, कामगार शंभराच्या वर गेलेले. ‘बाहेरच्या माणसाच्या हातात किल्ल्या दिल्या की कारखाना गेला म्हणून समजा,’ असं त्या वादात जो तो म्हणतोय. दुसरं वाक्य, ‘मालक फिरला तरच मशीन फिरतंय.’ इथे जर्मनीत, स्टुटगार्टजवळ हे वाचताना चीड येते, आणि ती लपवावी असं मला वाटत नाही.

मालक फिरतो म्हणजे काय करतो, ते एकदा लिहून काढा. कोटेशन आठ दिवस पडून असतं, कारण कॉस्टिंग, म्हणजे खर्चाचा हिशेब, एकट्या दादांनाच जमतं. बँकेला स्टॉक स्टेटमेंट द्यायची तारीख उलटलेली असते. नव्वद दिवसांपुढची येणी बँक बहुधा ड्रॉइंग पॉवरमध्ये, म्हणजे किती उचल द्यायची त्या हिशेबात, धरत नाही. म्हणून सीसीची, म्हणजे कॅश क्रेडिट कर्जाची, मर्यादा कागदावर तेवढीच दिसते आणि उचलता येणारी रक्कम मात्र घटते. ती येणी वसूल करायला फोन कोण लावतं? ज्याला कास्टिंग (ओतीव भाग) हातात घेतल्याबरोबर त्यातलं वायूचं छिद्र, ब्लो होल, साच्याच्या वाळूतल्या ओलाव्याने आलं की साच्यातल्या कोअरच्या गॅसने, हे कळतं, तोच माणूस. दुपारभर. त्याचं खरं काम तेवढा वेळ कुणीच करत नाही.

आणि पगारी मॅनेजर नेमणं हे ‘परदेशी खूळ’ म्हणणाऱ्यांनी आपल्याच पंचक्रोशीत बघावं. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी उभी केली तेव्हा यंत्रांची बाजू शंभूराव जांभेकरांकडे होती, हिशेब मंगेशराव रेगे बघत होते आणि कारभाराची आखणी भाऊ रामूअण्णांकडे होती. एकच माणूस सगळं ओढत नव्हता. जिल्ह्यातल्या प्रत्येक सहकारी साखर कारखान्यात कार्यकारी संचालक असतो, तो पगारी असतो आणि बऱ्याचदा दुसऱ्या तालुक्यातला असतो. चेअरमन पॅनवर उभा राहून साखर पाडत नाही, म्हणून कारखाना सभासदांचा राहत नाही का? गुगलच्या दोन संस्थापकांनी तीन वर्षांत, २००१ साली, एरिक श्मिट यांना मुख्य कार्यकारी अधिकारी केलं. लॅरी पेज २०११ मध्ये परत त्या खुर्चीवर आले. खुर्ची दिली म्हणजे गेली, असं नसतं.

पण वाद घालणाऱ्यांची भीती खोटी नाही. मॅनेजर आणून पस्तावलेले कारखाने उद्यमनगरापासून कागलपर्यंत आहेत. मात्र ते पस्तावले ते माणूस बाहेरचा होता म्हणून नव्हे. त्याला काय सोपवलंय हे कुणी ठरवलंच नव्हतं, म्हणून.

माणूस नेमण्याच्या आधी चार आठवडे दोघा भागीदारांनी खिशात वही ठेवावी. घेतलेला प्रत्येक निर्णय, रक्कम आणि गेलेला वेळ लिहायचा. महिन्याअखेरीस तीन ढीग दिसतील: तांत्रिक, पैशाचे, माणसांचे. पहिला ढीग तुमचा. उरलेल्या दोहोंमधून मॅनेजरचं काम तयार होतं. ही वही न ठेवता जो माणूस आणतात, त्याच्याकडे शेवटी कामगारांच्या सुट्ट्या आणि कॅन्टीनच्या तक्रारी तेवढ्या येतात. दोन वर्षांत तो जातो आणि सगळे म्हणतात, ‘बघितलंस?’

मग अधिकारांचा एक कागद. मध्यम मशीन शॉपसाठी मी असा मांडेन: पन्नास हजारांपर्यंतची खरेदी मॅनेजरने एकट्याने, तीन लाखांपर्यंत एका भागीदाराच्या संमतीने, त्यावर दोघांच्या. ठरलेल्या दरात पाच टक्क्यांपर्यंत सूट त्याने द्यावी, त्याहून जास्त नाही. नवं मशीन, नवं कर्ज, जागा हे भागीदारांकडे. नेट बँकिंगमध्ये पेमेंट एकाने भरायचं आणि दुसऱ्याने मंजूर करायचं. बँका ही सोय देतात, चेकबुकावर कोऱ्या सह्या करून ठेवायची गरजच उरत नाही. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर ठरावातले शब्द सीएसला (कंपनी सेक्रेटरीला) दाखवून घ्या. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १९६ नुसार मॅनेजिंग डायरेक्टर आणि कायद्याच्या अर्थाने ‘मॅनेजर’ असे दोघे एकाच वेळी नेमता येत नाहीत.

मॅनेजर कुणाला उत्तर देणार हेही त्याच कागदावर हवं. दोघांना म्हणाल तर सकाळी एकाकडून होकार आणि संध्याकाळी दुसऱ्याकडून नकार, असा खेळ सुरू होतो, आणि तो सगळ्यांत आधी सुपरवायझर शिकतात.

पुण्यामुंबईच्या मोठ्या कंपनीचं नाव बघून भुलू नका. तिथे त्याच्या हाताखाली खरेदीला चार माणसं आणि प्लॅनिंगला तीन होती. तुमच्याकडे तो आणि एक अकाउंटंट. मुलाखतीत गेल्या बारा महिन्यांची येण्यांची यादी समोर ठेवा आणि एक तास द्या. ज्याचं बोट आधी नव्वद दिवसांवरच्या रकमांवर जातं, त्याला दुसऱ्यांदा बोलवा. चौकशी त्याच्या जुन्या साहेबाकडे करताच. त्याच्या हाताखालच्या एकाकडे आणि एका पुरवठादाराकडेही करा.

पगारातला बदलता भाग विक्रीवर ठेवू नका. विक्रीवर ठेवला की माल उधारीवर सुटतो, आकडा फुगतो आणि सीसी तळाला जाते. तो बँकेत जमा झालेल्या रकमेवर, वेळेवर गेलेल्या डिस्पॅचवर आणि रिजेक्शनवर, म्हणजे नापास ठरलेल्या मालावर, ठेवा. पहिले तीस दिवस त्याने फक्त बघावं आणि विचारावं. नव्वद दिवसांनी त्याच्याकडून आठवड्याचे पाच आकडे एका कागदावर यावेत: रोख, येणी, हातातल्या ऑर्डरी, डिस्पॅच, रिजेक्शन. नफा सहा महिन्यांच्या आत मागू नका.

सगळ्यांत अवघड भाग भागीदारांच्या पायांचा आहे. शॉपवर जाऊन ऑपरेटरला परस्पर ‘हे थांबव, ते लाव’ म्हटलं की त्या दिवसाचं शेड्यूल मेलं. तीनदा असं झालं की मॅनेजरला कुणी विचारत नाही. ग्राहकाचा फोन आला तर ‘सांगतो त्यांना’ एवढंच म्हणायचं, आणि खरंच त्यालाच बोलू द्यायचं.

‘तो ग्राहक घेऊन पळाला तर?’ हा प्रश्न रास्त आहे. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ मुळे नोकरी सोडल्यावर स्पर्धा न करण्याची अट कोर्टात टिकत नाही. इथे जर्मनीत ती टिकते, पण जास्तीत जास्त दोन वर्षं, आणि तेवढा काळ निदान निम्मा पगार देत राहावा लागतो. तेव्हा बंदोबस्त कागदाबाहेर करा. प्रत्येक मोठ्या ग्राहकाशी तुमची निदान दोन माणसं बोलत असावीत, प्रोसेस शीट आणि कॉस्टिंग कंपनीच्या सर्व्हरवर असावं, नोटीस तीन महिन्यांची असावी. गुपितं न फोडण्याची अट मात्र जरूर घाला.

आमच्याकडे प्रोकुरा, म्हणजे कंपनीच्या वतीने सही करायचा अधिकार, दिली की तिची नोंद हान्डेल्सरेगिस्टरात, म्हणजे सरकारी व्यापारी नोंदवहीत, होते. सही एकट्याची की दोघांनी मिळून, हे कुणालाही तिथे वाचता येतं. प्रोकुरिस्टला कंपनीची जमीन विकता येत नाही, त्यासाठी वेगळा अधिकार लागतो. बाकी जवळजवळ सगळ्या व्यवहाराला त्याची सही चालते. दोन पिढ्या एका घराण्याच्या असलेल्या कारखान्याच्या नोंदीत माझं नाव आहे. ते नाव तिथे अजून कुणाला नीट उच्चारता येत नाही. माझ्याइतका बाहेरचा माणूस त्या गावात दुसरा नसेल.

म्हणून ‘बाहेरचा’ हा शब्द मला लागतो. युरोत पगार घेऊन शहाणपण शिकवायला येऊ नका, असं कुणी म्हणेल. म्हणा. पण आम्ही शिकलेली इतकी पोरं पुण्याला, चाकणला आणि पुढे इकडे का आलो, त्याचं एक कारण तुमच्या ऑफिसात आहे. तिथे दोन खुर्च्या असतात. एक मालकाची, दुसरी त्याच्या मुलाची. तिसरी कुणी मांडलीच नाही. इथे ती मिळाली, मी बसलो, आणि आता कोल्हापूरची रिजेक्शन टक्केवारी ऐकली तरी मन तिकडे धावतं. इथल्या कारखान्याच्या आकड्यांनी ते कधी होत नाही.

त्या दोघांच्या जाहिरातीत शेवटची ओळ आहे: ‘स्थानिक उमेदवारास प्राधान्य.’ माझं घर कोल्हापुरातल्या राजारामपुरीत आहे, शाळा तिथली, आई अजून तिथेच राहते. ती ओळ मी बऱ्याचदा वाचली आहे आणि अर्ज अजून केलेला नाही.