पिक्चर पोचतो, पैसे परत येत नाहीत

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा तो निम्मा उतरला, म्हणून उत्तराला आठ दिवस लागले.

इथे नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात: मागच्या महिन्यात मी संथाळी सिनेमावर, म्हणजे झारखंड-बंगाल-ओडिशाकडच्या संथाळ आदिवासींच्या भाषेतल्या सिनेमावर, एक लेख टाकला होता. मराठी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात बावीस वर्षं काढलेल्या एका वाचकांनी त्यावर लिहिलं की हा लेख म्हणजे नुसता गळा काढणं आहे. सत्तर लाखांवर माणसं ती भाषा बोलतात, त्यांनाच आपला पिक्चर बघायचा नसेल तर दोष कुणाला द्यायचा? यूट्यूबवर दोन पाहिले, सगळी भोजपुरीची नक्कल, आणि आवाज तर ऐकवत नाही. मराठी सिनेमा कुणाच्या कुबड्या घेऊन उभा राहिला नाही. आणि शेवटी एक आव्हान: ‘एक तरी धड संथाळी पिक्चर दाखवा, मग बोलू.’

जे मान्य आहे ते आधी सांगून टाकतो. लेखाचा सूर रडका होता. ‘७३ लाख बोलणारे असूनही प्रेक्षक नाही’ हे वाक्य तर साफ चुकीचं होतं, आणि तुम्ही नेमकं तेच पकडलंत. चुकीचं अशासाठी की तो प्रेक्षक मी स्वतः पाहिलाय. बारा वर्षं जमशेदपूरला नोकरी केली, तरी लिहिताना आकड्याच्या नादात डोळ्यांनी पाहिलेलं विसरलो.

जमशेदपूरजवळच्या घाटशिलाच्या पुढे एका गावात. सोहराय हा त्यांचा सुगीचा सण नुकताच झालेला, घरांच्या भिंती नव्याने सारवून रंगवलेल्या. शाळेच्या मैदानात दोन बांबूंना पडदा बांधला होता, तिकीट २० रुपये, आणि दोरीच्या कुंपणाबाहेर फुकट बघणारेही तितकेच. बायका पोरांना घेऊन चटया टाकून बसलेल्या. माझ्या शेजारी एक म्हातारी होती. पडद्यावरचा सावकार बोलायला लागला की ती त्याला मोठ्याने उत्तर द्यायची, आणि आजूबाजूचे कुणी तिला गप्प करत नव्हते. मध्येच जनरेटरचं डिझेल संपलं. पोरगा मोटारसायकलवरून डिझेल आणायला गेला तो पाऊण तासाने आला. एकही माणूस उठून गेलं नव्हतं. आपल्याकडे जत्रेतल्या तंबूत रीळ तुटल्यावर लोक थांबायचे म्हणतात, ते मी ऐकूनच होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच गावाच्या हाटात मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर तोच पिक्चर १० रुपयांत मेमरी कार्डावर भरून मिळत होता. टपरीवाल्याच्या लेखी त्यात काही चोरी नव्हती. ‘आमच्याच माणसांचा आहे, सगळ्यांनी बघायला नको का?’ असं म्हणाला, आणि ते तो मनापासून म्हणत होता.

मला लिहायला हवं होतं ते एवढंच. पिक्चर माणसांपर्यंत पोचतो. माणसांकडून पैसे बनवणाऱ्यापर्यंत परत यायची वाटच नाही. आधी व्हीसीडी होत्या तेव्हा निदान हाटातला विक्रेता काही प्रती विकत घेत असे. त्या गेल्या, मेमरी कार्ड आलं, मग यूट्यूब. प्रेक्षक वाढतच गेला आणि गल्ला आटत गेला.

आता तुमचा आकडा. २०११ च्या जनगणनेत संथाळी बोलणारे ७३ लाख ६८ हजार. ऐकायला भरपूर वाटतात. पण ते बसलेत कुठे ते बघा. झारखंडात ३२ लाखांवर, पश्चिम बंगालात २४ लाखांच्या आसपास, ओडिशात साडेआठ लाखांच्या पुढे, उरलेले बिहार, आसामात. शिवाय बांगलादेश आणि नेपाळ आहेतच. एका पट्ट्यात राहणारी माणसं, पण मधून राज्यांच्या रेघा गेल्या आहेत. आठ कोटींवर मराठी माणसांपैकी बहुतेक सगळी एका सरकारच्या हाताखाली येतात, तशी यांची गत नाही. जमशेदपूरच्या माणसाने केलेला पिक्चर बंगालातल्या झाडग्रामला गेला की सरकारी कागदावर तो परप्रांतीय. नातेवाईक तिथेच राहतात, मुली तिथे दिल्या आहेत, तरी.

त्यात लिपी. पंडित रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ साली ओल चिकी ही संथाळीची स्वतःची लिपी तयार केली, ती आज सगळ्यांत मोठी ओळख आहे. पण हीच भाषा कुणी बंगालीत वाचतो, कुणी देवनागरीत, कुणी ओडियात, आणि मिशनच्या शाळेत शिकलेल्या घरात रोमन. पोस्टर कोणत्या लिपीत छापायचं यावर मी दोन तासांचा वाद ऐकलाय. शेवटी तीन लिप्यांत नाव टाकलं आणि हिरोच्या फोटोला जागा कमी पडली. गंमत अशी की पुस्तकाला ही भिंत ओलांडता येत नाही, पण पिक्चरला येते. कानाला लिपी नसते. त्या भाषेसाठी सिनेमा एवढा मोलाचा का, याचं माझ्यापुरतं उत्तर हे आहे.

कुबड्यांच्या मुद्द्यावर मात्र मी तुमच्याशी भांडणार. अहो, तुम्ही तर याच धंद्यातले. कोल्हापूर संस्थानाचा आश्रय आपल्या सिनेमाला होता, तो काय होता? सत्तरच्या दशकात मराठी चित्रपटांना करपरतावा सुरू झाला, नंतर अनुदान आलं. २०१५ साली मल्टिप्लेक्सना मराठी पिक्चर प्राइम टाइमला लावायला सांगावं लागलं, ते सरकारनेच सांगितलं. आणि मुंबई! हिंदीवाल्यांसाठी उभे राहिलेले स्टुडिओ, लॅब, भाड्याने मिळणारे कॅमेरे, तुमच्यासारखे तयार कानांचे लोक, हे सगळं मराठी निर्मात्याला लोकलच्या तिकिटात मिळत होतं. मी हे वाईट म्हणत नाही. मिळालं ते बरंच झालं. पण आपल्या हातातल्या काठीला काठी म्हणायचं आणि दुसऱ्याने मागितली की तिला कुबडी म्हणायचं, हे बरोबर नाही.

त्यांना काय मिळालं? २००३ च्या घटनादुरुस्तीने बोडो, डोगरी, मैथिलीबरोबर संथाळी आठव्या अनुसूचीत, म्हणजे राज्यघटनेतल्या भाषांच्या यादीत आली. त्यामुळे त्या भाषेत लोकसेवा आयोगाची परीक्षा देता येते, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळतो. थिएटरचा पडदा मिळत नाही. झारखंडाने २०१५ साली चित्रपट धोरण आणलं, त्यात स्थानिक भाषांच्या चित्रपटांना अनुदानाची सोय आहे, हेही खरं. पण अनुदान म्हणजे ‘आधी खर्च करा, मग बिलं घेऊन या’. ज्याच्याकडे आधी खर्च करायलाच नाही त्याने काय करायचं? सेन्सॉरचं म्हणाल तर देशात नऊ प्रादेशिक कार्यालयं, रांचीला एकही नाही. कोलकात्याला जा नाहीतर कटकला. एका माणसाच्या जाण्यायेण्यात, राहण्यात आणि दुरुस्त्या करून पुन्हा जाण्यात जे पैसे जातात त्यात त्यांच्या शूटिंगचे तीन-चार दिवस निघतात.

आकडा हवेत सोडत नाही. आमच्या कारखान्यातला एक टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारा, माझ्याच पाळीतला, त्याने पीएफमधून उचल घेऊन पिक्चर केला. अर्जावर कारण लिहिलं होतं घरदुरुस्ती. सगळी रजा साठवून सतरा दिवस शूटिंग. नायिका शाळेत शिकवायची, तिला रविवार आणि सुट्ट्याच मोकळ्या, त्यामुळे एकाच संवादात त्याच्या मागचं शेत हिरवं आणि तिच्या मागचं कापलेलं. तुम्ही यूट्यूबवर पाहिलेल्या दोनांत हा असेल तर तुम्ही हसला असाल. मीही हसलो होतो, त्याच्यासमोर.

आणि आता तुमच्या खात्याचा विषय, आवाज. तो वाईट असतो, हे मी नाकारत नाही. पण एक हकिकत ऐका, तुम्हालाच ती नीट कळेल.

संथाळीत पाण्याला दाक’ म्हणतात, घराला ओड़ाक’. शेवटचा क तोंडात तयार होतो पण सुटत नाही. घशात दार लावल्यासारखा आवाज तिथेच थांबतो. टर्नरसाहेब नायिकेला घेऊन डबिंगला कोलकात्याच्या एका स्टुडिओत गेले. तिथला ध्वनिमुद्रक हुशार माणूस, पण भाषा अनोळखी. त्याला वाटलं शब्दाची शेपटी कापली जातेय, माइकचा किंवा बाईंचा दोष असणार. तो दर वेळी थांबवून सांगायचा, ‘मॅडम, शब्द पूर्ण बोला.’ तासाला पैसे मोजायचे, वाद कोण घालणार? शेवटी बाईंनी आज्ञाधारकपणे ‘दाक्क’, ‘ओड़ाक्क’ म्हणायला सुरुवात केली. पिक्चर गावात लावला तेव्हा लोकांना हसू आवरेना. नायिका त्यांच्याच गावातली, पण बोलत होती दिकूसारखी. दिकू म्हणजे बाहेरचा, परका. तिला स्वतःच्या भाषेत परकं करून ठेवलं होतं, आणि तेसुद्धा तासावर पैसे मोजून.

तुम्ही म्हणता आवाज वाईट. मी म्हणतो, त्या भाषेचा कान असलेला एक माणूस त्या काचेमागे बसेपर्यंत तो चांगला झाला तरी चुकीचाच राहील.

नकलेबद्दल. हो, आहे. हिरो गॉगल लावतो, पावसात गाणं होतं, खलनायक उगाच हसतो. २००१ चा ‘चांदो लिखन’ हा पहिला संथाळी कथापट मानला जातो, म्हणजे या सिनेमाचं वय पंचविशीचं. ‘अजून लहान आहे’ ही सबब मी देणार नाही, कारण १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’पासून मोजलं तर आपल्या सिनेमाने बाविसाव्या वर्षी, १९५४ साली, ‘श्यामची आई’साठी राष्ट्रपतींचं सुवर्णपदक आणलं होतं. पण मला नकलेपेक्षा दुसरीच गोष्ट खुपते. संथाळ बायका नाचतात त्या हातात हात गुंफून, एका रांगेत, आणि समोर तुमदाक’ आणि तामाक’ हे ढोल-नगारे वाजवणारे पुरुष. त्या रांगेला मध्य नसतो. पहिली कोण, शेवटची कोण याला अर्थ नाही. कॅमेऱ्याला मात्र मध्य लागतो. मग नायिकेला रांगेतून सोडवून पुढे उभं करतात आणि मागची रांग शोभेची होते. त्या क्षणी नाच मरतो. गॉगल परवडला. ती रांग रांगेसारखी कशी दाखवायची हे ज्या दिवशी त्यांच्यातला कुणी शोधून काढील त्या दिवशी माझ्यासारख्यांचे लेख बंद होतील. बाहेरच्यांना ते जमेल असं मला वाटत नाही. सत्यजित राय यांच्यासारख्या माणसाने १९७० साली ‘अरण्येर दिन रात्रि’त संथाळ मुलगी दाखवली ती सिमी गरेवालला काळं रंगवून. आपणही ‘जैत रे जैत’मध्ये ठाकर उभे केले ते मोहन आगाशे आणि स्मिता पाटील यांना घेऊन. दोन्ही पिक्चर मला आवडतात, तरीही.

राहिलं तुमचं आव्हान. धड पिक्चर दाखवा म्हणालात.

त्या टर्नरने दुसरा पिक्चर केलाय, यावेळी तासाभराचा. गॉगल नाही. डबिंगही नाही, जागेवरचाच आवाज ठेवलाय. त्यात एक प्रसंग आहे: मुलगा आणि मुलगी बांधावर बसलेत, तो सबंध वेळ ‘आले’ म्हणत बोलतोय. आले म्हणजे आम्ही, माझ्या घरचे, तू सोडून. बोलता बोलता तो ‘आलाङ’ म्हणतो. म्हणजे तू आणि मी, दोघंच. ती मान खाली घालते. बस, एवढंच प्रेमप्रकरण. हिंदी सबटायटलमध्ये दोन्हीकडे ‘हम’ लिहिलंय, त्यामुळे ती अचानक का लाजली ते दिल्लीच्या प्रेक्षकाला कळणं शक्य नाही. मराठीत मात्र आम्ही आणि आपण वेगळे आहेत. म्हणून त्याने मराठी सबटायटल माझ्या गळ्यात टाकलीत. ‘आम्ही’वरून ‘आपण दोघं’वर यायचं, इतकं सरळ असूनही चार दिवस तिथेच अडकलोय, कारण ‘दोघं’ शब्द लिहिला की तो फार बोलतो, आणि नुसतं ‘आपण’ म्हटलं तर त्यात सगळं गाव मावतं.

तुम्ही पुण्यातच असता असं प्रोफाइलवर दिसतं. पेन ड्राइव्ह माझ्याकडे आहे, चहाही माझा. हेडफोन तुमचे आणा. माझ्या हेडफोनवर तो न सुटलेला क ऐकू येत नाही.