चोर्ल्याला धाप, साखळीत ठणठणीत

काही आजारांना साक्षीदार चालत नाही. आमच्या डिझेल गाडीला जडला तो त्यातलाच. साखळी ते म्हापसा, साखळी ते फोंडा, अगदी अटल सेतूवरून पणजी ओलांडून मडगावपर्यंत ती बिनतक्रार पळायची. पण बेळगावचा रस्ता धरला, केरी मागे पडलं आणि चोर्ला घाट सुरू झाला, की चढावर कुठेतरी तिचा दम जायचा. आवाज नाही, धूर नाही, झटका नाही. पाय अॅक्सिलरेटरवर तसाच दाबलेला आणि समोरच्या ट्रकला ओव्हरटेक करायच्या ऐन क्षणी गाडीच्या अंगातून वारं निघून जायचं. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागायचा. मग दुसऱ्या गिअरमध्ये, मागच्यांचे हॉर्न ऐकत, धबधब्याखाली नाचणाऱ्या पर्यटकांच्या बाजूने आम्ही वर सरकायचो. एकदा तर त्यातल्या एकाने आम्हीच त्याला बघायला वेग कमी केला असं समजून हात हलवला.

वर सपाटी आली की गाडी बाजूला घ्यायची, किल्ली बंद करायची, जरा थांबून परत फिरवायची. गाडी ठणठणीत! कणकुंबी, जांबोटी करत बेळगाव कधी आलं कळायचं नाही.

बेळगाव ही माझी सासुरवाडी. हे मुद्दाम सांगायचं कारण असं, की सगळ्या प्रकरणाला त्यामुळे एक वेगळंच वळण लागलं. "माझ्या माहेरी जातानाच कशी बंद पडते हो तुमची गाडी?" बायकोने विचारलं. मी म्हटलं, बंद पडत नाही, दम कमी होतो. "मग परत येताना का नाही कमी होत?" या प्रश्नाचं शास्त्रीय उत्तर अगदी सोपं आहे. चोर्ल्याचा माथा सुमारे आठशे मीटरवर, बेळगावही जवळपास त्याच उंचीच्या पठारावर. तिकडून येताना चढ असा नाहीच, घाटात नुसता उतार. इंजिनावर भार येत नाही, म्हणून दोष दिसत नाही. पण हे उत्तर कितीही शास्त्रीय असलं तरी जावयाच्या तोंडून ते सबबीसारखंच ऐकू येतं.

मग सल्ले सुरू झाले. पेट्रोल पंपावरचा म्हणाला, डिझेलमध्ये पाणी असणार, फिल्टर बदला. बदलला. शेजारच्या काकांनी ईजीआर नावाच्या, थोडा धूर परत इंजिनात फिरवणाऱ्या अवयवाला जबाबदार धरलं. त्यांच्या भाच्याच्या गाडीत तोच निघाला होता. आईने दृष्ट काढली आणि देवळात जाऊन गाऱ्हाणं घातलं, शिवाय कौल लावून घे म्हणाली. सासऱ्यांचं मत सगळ्यांत निर्मळ: "आमच्या डिझेल अँबॅसिडरला कुठला टर्बो होता? चालत होतीच की!" चालत होती हे खरं. घाटात तिच्यामागे जी रांग लागायची तिला मात्र कुणी मत विचारलं नव्हतं.

टर्बो हे प्रकरण तसं साधं आहे. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर वाया जातो, त्यानेच एक चक्र फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्राने इंजिनात जादा हवा कोंबायची. आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ साली याचं पेटंट घेतलं. छोट्या गाड्यांतलं हे चक्र मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं. आमच्या गाडीत त्याच्याभोवती बारीक पातीही आहेत. ती मिटली की धुराची वाट अरुंद होते, चक्र जोरात फिरतं, हवा जास्त येते. उघडली की दाब उतरतो. किती मिटायचं ते संगणक ठरवतो. आणि ही पाती हलवायला काय वापरलंय? वीज नाही, तेल नाही, तर पोकळी! इंजिनावरचा एक पंप हवा ओढून व्हॅक्यूम तयार करतो, एक सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर उघडमीट होणारी झडप, तो मोजून-मापून सोडतो आणि पेन्सिलीपेक्षा बारीक रबरी नळीतून ती ओढ एका डबीपर्यंत पोचते. डबीतून निघालेली सळई पाती हलवते. लाखो रुपयांची गाडी, आणि घाटात तिची अब्रू त्या नळीतल्या 'काही नाही'वर.

हे ज्ञान मला तेव्हा नव्हतं, त्यामुळे मी रीतसर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथे एसी होता, कॉफी होती, इस्त्रीच्या शर्टातला सल्लागार होता. त्याने स्कॅनर लावला. कोड निघाला: पी०२९९, टर्बोचा दाब कमी. "टर्बो बदलावा लागेल सर." अंदाजपत्रक पाऊण लाखाच्या घरात! मी विचारलं, टर्बो खराब आहे हे कशावरून? तो म्हणाला, कोड आलाय ना. पण कोड काय सांगतो? मागितला तेवढा दाब मिळाला नाही, एवढंच. तो का मिळाला नाही, हे कोडलाही ठाऊक नसतं. तरी नियम म्हणून गाडी चालवून बघू, म्हणून आम्ही हायवेवर फेरी मारून आलो. गाडी अशी पळाली की माझ्याच तक्रारीवरचा माझा विश्वास डळमळला. सल्लागाराने कोड पुसला, दिवा विझला. संध्याकाळी फोन: "सर, फीडबॅकसाठी कॉल येईल, दहापैकी दहा द्याल ना?"

त्यानंतर बेळगावच्या मेव्हण्याने प्रकरण हाती घेतलं. त्याने ऑनलाइन एक ब्लूटूथची डबी मागवली, स्टिअरिंगखाली खोचली आणि मोबाइलवर आकडे बघायला सुरुवात केली. "भाऊजी, सापडलं! सेन्सर गेलाय. इंजिन बंद आहे तरी नव्वदच्या वर दाब दाखवतोय बघा." आता तो सेन्सर हवेचा एकूण दाब मोजतो, त्यात आपल्या डोक्यावरची हवाही आली. समुद्रसपाटीला तीच शंभर किलोपास्कलच्या आसपास असते, बेळगावच्या उंचीवर थोडी कमी. म्हणजे सेन्सर अगदी इमानदार होता. हे पटवायला आम्हाला जेवणानंतरची सगळी दुपार लागली आणि शेवटी मेव्हण्याने मान्य केलं ते असं: "बरं, सेन्सर ठीक आहे. मग टर्बोच."

मी ज्याच्याकडे अखेर पोचलो तो डिचोलीकडचा एक गॅरेजवाला. कौलारू शेड, दारात फणसाचं झाड, आत सदैव बोनेट उघडलेल्या गाड्या. त्याने माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं, ही तशी दुर्मीळ गोष्ट. मग इंजिन चालू करून दोनदा रेस केलं, कान लावला आणि म्हणाला, "हांगा कळचें ना, पात्रांव." म्हणजे, इथे नाही कळायचं, साहेब. हीच पहिली शहाणपणाची गोष्ट मी या प्रकरणात ऐकली. उभ्या गाडीत कितीही रेस द्या, इंजिनावर भार नाही, संगणक टर्बोकडे काही मागतच नाही. न मागितलेलं मिळालं नाही, तर त्याची नोंद कोण करणार? "चढणीर वचूया. आयतारा येयात," तो म्हणाला. मी काळजीत दिसलो असेन. "भिवपाची गरज ना."

रविवारी आम्ही निघालो. तो चालवणार, मी शेजारी त्याचा स्कॅनर मांडीवर घेऊन आकडे वाचणार. बायको मागे बसली. मी म्हटलं, तू कशाला? "दर वेळी गाडीत मीच होते. साक्ष कोण देणार?"

स्कॅनरवर दोन आकडे शेजारी शेजारी पळत होते, एक संगणकाने मागितलेला दाब, दुसरा प्रत्यक्ष आलेला, दोन्ही किलोपास्कलमध्ये. केरीपर्यंत दोघे हातात हात घालून. मागितले १४०, आले १३८. घाट लागला, त्याने तिसऱ्यात पाय दाबला: मागितले २१०, आले २०७. गाडी मस्त खेचत होती आणि माझं मन खट्टू व्हायला लागलं. म्हणजे आजही होणार नाही! आपल्या गाडीत बिघाड व्हावा म्हणून मनातल्या मनात देवाला हात जोडणारा माणूस मी त्या वळणावर झालो. आईच्या गाऱ्हाण्याच्या नेमकं उलट गाऱ्हाणं एकाच देवापुढे पोचलं असणार.

माथ्याच्या अलीकडच्या लांब चढावर मागितले २२०, आले १९०. मग १६५. मग १४०. मी ओरडूनच आकडे सांगत होतो. मागून बायको म्हणाली, "मागितले किती, हातात आले किती... तुमच्या पगारवाढीचंच झालं की हे." पिवळा दिवा लागला, गाडी मेली, आणि आम्ही तिघंही आनंदाने एकमेकांकडे बघितलं. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. त्याला या आनंदाचं कारण कळणं शक्य नव्हतं.

मेकॅनिकने तिसरा आकडा दाखवला. दाब पडायला लागला तसा संगणकाने सोलेनॉइडला दिलेला हुकूम वाढत वाढत नव्वद टक्क्यांच्या पुढे गेला होता. हुकूम सुटत होता, पोचत नव्हता. म्हणजे शोध आता व्हॉल्व्ह, नळ्या, डबी आणि पाती एवढ्यातच.

परतल्यावर गॅरेजात त्याने हातपंप काढला. पिस्तुलासारखी मूठ, वर घड्याळाएवढी तबकडी, पाऱ्याच्या इंचांत मोजणारी. आधी पंप थेट टर्बोच्या डबीला लावला. मूठ दाबली तशी सळई गुळगुळीत आत गेली, सोडली तशी तेवढीच गुळगुळीत बाहेर आली. काजळीने पाती अडकली असती तर ती मध्येच थबकली असती. काटा वीसवर नेऊन ठेवला, बराच वेळ हलला नाही. म्हणजे डबीचा पडदाही शाबूत. पाऊण लाखाचा टर्बो निर्दोष सुटला, आणि मी स्टुलावर बसून घेतलं.

मग पंप नळीला. काटा वीसवर गेला आणि तिथेच थांबला. नळी चांगली? वरून सुती विणीचं आवरण, कुठे चीर नाही. मेकॅनिकने टॉर्च दातांत धरला, थोडा वेळ काही बोलला नाही. मग पोराला हाक मारून पहारीने इंजिन पुढे ढकलायला लावलं. जेमतेम बोटभर इंजिन कलंडलं असेल. काटा वीसवरून धाडकन पाचावर! पोराने पहार सोडली, इंजिन जागेवर आलं, पुन्हा पंप मारला, काटा वीसवर स्थिर.

सोलेनॉइडच्या नळकांडीवर नळी जिथे बसते, तिथे आवरणाखालचं रबर तेल आणि उष्णता खाऊन मऊ, सैल झालं होतं आणि आतून तडकलं होतं. चढावर जोर लावला की इंजिन आपल्या रबरी पायांवर कलतं, नळी ताणली जाते, चीर उघडते. त्यात घाटात बोनेटखालची उष्णता. माथ्यावर गाडी उभी केली, की इंजिन सरळ, चीर बंद, आणि किल्ली फिरवली की संगणकही झालं-गेलं विसरून कामाला लागतो. सगळ्या पुराव्याची विल्हेवाट! त्याने नळी सुरीने उभी चिरून माझ्या तळहातावर ठेवली. आतली चीर नखाएवढी होती.

नवी नळी मीटरवर मिळते. त्याने ती एकच न बदलता त्याच वयाच्या बाकीच्याही बदलल्या, नळीचे पैसे शेकड्यात घेतले आणि रविवारच्या फेरीचे वेगळे. मी न कुरकुरता दिले. खरं तर त्या फेरीचेच पैसे द्यायला हवेत; नळी काय, कोणीही बदलतो.

पुढच्या खेपेला मेव्हण्याची डबी लावून चोर्ला चढलो. आलेला दाब दोनशे पंधराच्या खाली आला नाही आणि एका ट्रकला तर आम्ही गरज नसताना ओव्हरटेक केलं. सासुरवाडीत चहाबरोबर श्रेयवाटप झालं. आईने फोनवरून नारळाची आठवण करून दिली. मेव्हणा म्हणाला, "मी म्हटलंच होतं भाऊजी, टर्बोकडचंच काहीतरी." सासरे म्हणाले, "नळीच ना? बघा, आमच्या अँबॅसिडरला ती नळीच नव्हती." आणि मेव्हणा हातात ब्लूटूथची डबी घेऊन त्यांच्या नव्या पेट्रोल गाडीची किल्ली मागायला लागला, सहज एकदा स्कॅन करून बघतो म्हणाला. सासऱ्यांनी किल्ली उचलून सदऱ्याच्या खिशात टाकली आणि मला विचारलं, "जावईबापू, कुंदा घेणार ना अजून?"