एक किलोमीटरचा परदेश

सिंगापूर आणि मलेशियाच्या मध्ये जो कॉजवे, म्हणजे पाण्यातून बांधलेला रस्ता, आहे ना, १९२४ साली झालेला, तो जेमतेम एक किलोमीटर. आमच्या गावच्या घरापासून मंडईपण याच्यापेक्षा लांब आहे. म्हणून आईबाबा सिंगापूरला माझ्याकडे आले तेव्हा मी म्हटलं चला, पलीकडे मलेशियातल्या जोहोर बारूला जेवून येऊ, शनिवारी. शनिवारी! अख्खं सिंगापूर स्वस्तात जेवायला आणि खरेदीला शनिवारीच तिकडे जातं हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण अक्कल ऐनवेळी रजेवर जाते तसं झालं.

क्रांजीहून १७० नंबरची बस घेतली. सिंगापूरच्या हद्दीवर वुडलँड्सला सगळ्यांनी उतरायचं, इमिग्रेशन करायचं आणि पलीकडे त्याच नंबरची पुढची बस पकडायची. हे मी बाबांना तीनदा सांगितलं होतं, तरी रांगेत उभं राहिल्यावर ते अगदी शांतपणे म्हणाले, "घाई नको, सीटवर रुमाल टाकून आलोय." बस कधीच गेली होती. म्हणजे आमच्या घरातून मलेशियात पहिला पोचला तो बाबांचा रुमाल, तोही बिनपासपोर्टचा.

बाबांना खरं दुःख वेगळंच झालं. सिंगापूरवाले आता पासपोर्टवर शिक्काच मारत नाहीत. एवढ्या लांब येऊन शिक्का नाही म्हणजे गावी जाऊन दाखवायचं काय?

पलीकडे शिक्का मिळाला पण तिथे आईची बोटं अडली. मशीनवर दोन्ही तर्जन्या ठेवायच्या, आईच्या काही केल्या उमटेनात, चाळीस वर्षं भांडी घासून रेषा राहिल्यात कुठे. तिने सवयीने बोटं पदराला पुसली, मग केसांवरून फिरवली, तेल लागावं म्हणून. मागे रांग चुळबुळतेय आणि ही मला सांगतेय, "रेशनच्या दुकानातपण असंच होतं गं, तो मुलगा म्हणतो काकू जोरात दाबा." काउंटरवरच्या बाई हिजाब सारखा करत थांबल्या, मग स्वतःच आईचं बोट धरून दाबलं. उमटलं! थँक्यू म्हणायच्या ऐवजी आईने त्यांना "सुखी राहा" म्हटलं.

घरातून निघाल्यापासून साडेतीन तास झाले होते, जेवण जेमतेम वीस मिनिटांत उरकलं.

पण मधल्या त्या एक किलोमीटरचं सांगायचं राहिलंच. ट्रॅफिकमध्ये बस मुंगीच्या पावलाने चाललेली आणि बाबा खिडकीला नाक लावून बसलेले, कारण कडेने पाण्याचे जाडजूड पाइप जातात. बाबा पाणीपुरवठा खात्यातून रिटायर झालेत, त्यांना समोर ताजमहाल असला तरी आधी नळ दिसतो. मी फोनवर वाचून दाखवलं की १९६२ च्या करारानुसार सिंगापूर कच्चं पाणी हजार गॅलनला ३ सेन (सेन म्हणजे मलेशियाचे पैसे) देऊन घेतं आणि शुद्ध केलेलं पाणी थोडं ५० सेनने परत मलेशियाला विकतं, तर त्यांनी मांडीवर थाप मारली. "पाण्याला बघ, येताजाता शिक्का नाही की अंगठा नाही."

परतताना पुन्हा तेच सगळं, उलट्या क्रमाने. आई उभ्याउभ्या पेंगत होती. पुलावर आलो तोवर अंधार पडला होता आणि पाइप दिसेनात.

"उद्या सकाळी येऊ," बाबा म्हणाले, "रविवारी गर्दी नसेल."