चालढकल म्हणजे आळस नव्हे

काम वेळेत न करणाऱ्याला आपण चटकन आळशी म्हणतो आणि तिथेच चुकतो. आळशी माणूस निवांत बसलेला असतो. चालढकल करणारा कपाट आवरतो, जुन्या मेलना उत्तरं देतो, दिवसभर राबतो; फक्त एका कामाला हात लावत नाही. त्या कामाची नुसती आठवण झाली तरी त्याच्या पोटात गोळा येतो. जमेल का? चुकलं तर? सुरुवात कुठून करू? फाइल बंद केली की क्षणभर सुटल्यासारखं वाटतं, आणि मेंदू ही सुटका लक्षात ठेवतो. पुढच्या वेळी फाइल आणखी लवकर बंद होते. म्हणून नुसतं वेळापत्रक भिंतीवर लावून काही होत नाही. वेळापत्रक भीती कमी करत नाही.

'दडपण आलं की माझं काम चांगलं होतं' असं अनेकजण मनापासून मानतात. मानसशास्त्रज्ञ टाइस आणि बाउमाइस्टर यांनी १९९७ साली विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास वेगळं सांगतो. चालढकल करणाऱ्यांना सत्राच्या सुरुवातीला ताण कमी होता, शेवटी तो इतरांपेक्षा जास्त झाला आणि गुणही कमी पडले. कारण उघड आहे. रात्र थोडी सोंगं फार अशी वेळ आली की पहिला खर्डाच अंतिम ठरतो. चूक सापडली तरी दुरुस्तीला वेळ नसतो, शंका विचारायची तर माणूस जागेवर नसतो. शिवाय त्या कामावर ज्यांचं पुढचं काम अवलंबून आहे, त्यांचंही घोडं अडतं.

अंदाजही फसतो. ब्यूलर आणि सहकाऱ्यांच्या १९९४ च्या अभ्यासात प्रबंधाला सरासरी सुमारे ३४ दिवस लागतील असं विद्यार्थ्यांना वाटलं होतं. प्रत्यक्षात ५५ हून अधिक लागले. 'सगळं बिघडलं तर किती?' या प्रश्नालाही त्यांनी दिलेलं उत्तर सुमारे ४९ दिवसांचंच होतं! तेव्हा मनातल्या अंदाजाला निदान दीडपट करा आणि मगच तारीख कबूल करा.

सुरुवातीसाठी माझा सगळ्यात जास्त भर कामाच्या शब्दांवर आहे. यादीत 'अहवाल लिहिणे' असेल तर ते उद्यावर जाणारच, कारण त्यात पहिली हालचाल कोणती हेच लिहिलेलं नाही. 'तीन महिन्यांचे आकडे एका तक्त्यात भरणे' असं लिहा. दहा-पंधरा मिनिटांत संपेल इतकंच. त्याला वेळ आणि जागा जोडा: 'सकाळी संगणक सुरू केला की मेल उघडण्याआधी तक्ता.' मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी अशा 'अमुक झालं की तमुक करीन' पद्धतीच्या ठरावांवर बरंच काम केलं आहे. नुसत्या इच्छेपेक्षा असे ठराव जास्त पाळले जातात. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. उठताना पुढची पायरी एका ओळीत लिहून ठेवा, म्हणजे उद्या पुन्हा कोऱ्या कागदासमोर बसावं लागत नाही.

एक दिवस वाया गेला तर स्वतःला दूषणं देऊ नका. अपराधी वाटू लागलं की ते काम आणखी नकोसं होतं, आणि मग तेच चक्र पुन्हा फिरतं.

हाताखाली माणसं असतील तर रोज 'झालं का?' विचारू नका. 'कुठे अडलंय?' विचारा, आणि मुदतीच्या मध्यावर कच्चा खर्डा मागा, कच्चाच. आणि एखाद्याची आवडती कामंसुद्धा महिनोन्महिने पडून राहत असतील, झोप बिघडली असेल, तर त्याला युक्त्या सांगत बसू नका. नैराश्य किंवा अवधानाची अडचण असू शकते. त्याला डॉक्टरांकडे जायला सोबत करा.