बापाचा राग आणि बघणारे लोक : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया चिडून लिहिलेली असली तरी मुद्द्यांची आहे, म्हणून दोन ओळींत वाटेला न लावता सविस्तर लिहिते. ऑनर किलिंगवरच्या, म्हणजे घराण्याच्या अब्रूच्या नावाखाली होणाऱ्या खुनांवरच्या, माझ्या लेखात बापाची बाजूच आली नाही, ही तुमची मुख्य तक्रार. पोटच्या पोरीनं चारचौघांत मान खाली घालायला लावली की माणसाचा तोल जातो, त्या एका क्षणावरून अख्ख्या समाजाला धारेवर धरू नका, असं तुम्ही म्हणता. शिवाय आयाही यात सामील असतात, मग पुरुषसत्तेच्या नावानं खडे कशाला? आणि हे सगळं अडाणीपणाचं दुखणं आहे, शिक्षण पोचलं की जाईल; कायदे तर आहेतच, असंही तुमचं म्हणणं.

आधी तो ‘एक क्षण’ बघू.

२०१३ साली नाशिकमध्ये एका बापानं मुलीचा रिक्षात गळा आवळला. तिनं जातीबाहेर लग्न केलं होतं आणि तिला नववा महिना लागला होता. घरच्या आजारपणाचं निमित्त सांगून त्यानं तिला बाहेर काढलं होतं. २०२१ च्या डिसेंबरात वैजापूर तालुक्यात आई आणि भाऊ लग्न करून गेलेल्या मुलीच्या घरी गेले. आई काही दिवस आधीही येऊन गेली होती, म्हणजे येणंजाणं सुरू झालं असंच पोरीला वाटलं असणार. माहेरची माणसं दारात आली म्हणून ती चहा टाकायला आत वळली, आणि भावानं तिच्यावर कोयता चालवला. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे आईनं तिचे पाय धरून ठेवले होते. ही मुलगीही गरोदर होती.

तुम्हीच सांगा, यात तोल कुठे गेला? राग असता तर लग्नाची बातमी कळली त्या दिवशी भांडी आपटली असती, शिव्या दिल्या असत्या, फार तर हात उचलला असता. इथे मधे महिने गेलेत. थाप ठरलीये, हत्यार बरोबर घेतलंय, गोड बोलून झालंय. अशा कितीतरी प्रकरणांत तो ठरावीक निरोप असतो: ‘झालं गेलं विसरलो, घरी ये, रीतसर लग्न लावून देऊ.’ भान हरपलेला माणूस इतकं धोरणानं वागत नाही.

दोघीही गरोदर होत्या, हे मला योगायोगाचं वाटत नाही. पोरीला ओढून आणू, गुपचूप दुसरीकडे उजवू, अशी आशा असते तोवर घरचे कधीकधी दम धरतात. पोटात मूल आलं की ती वाट बंद होते. नको असलेल्या घराचा, बहुतेकदा जातीबाहेरचा, वंश आपल्या लेकीच्या पोटी, हे खरं दुखणं. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावण्यानं, आणि ते सांभाळायचं तर बाईवर पहारा ठेवावा लागतो, हे डॉ. आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात मांडलं होतं. सती, वैधव्याची सक्ती आणि बालविवाह या तिन्ही प्रथांचा उलगडा त्यांनी याच सूत्रानं केला. त्यांच्या त्या यादीत आजचा हा कोयता सहज बसतो.

आणि बापाची मनःस्थिती म्हणता, तर दुसऱ्याच्या मुलाचं काय? १ जानेवारी २०१३ ला नगर जिल्ह्यात सोनईजवळ तीन दलित तरुणांना मारून टाकलं, कारण त्यातल्या एकाचं सवर्ण मुलीवर प्रेम होतं. बाकीचे दोघे त्याच्यासोबत होते, एवढाच त्यांचा गुन्हा. २०१८ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयानं सहा जणांना फाशी सुनावली. त्याच जिल्ह्यात खर्ड्याला २०१४ मध्ये सतरा वर्षांच्या शाळकरी मुलाला मारलं, मुलीशी बोलतो या संशयावरून. तिथे साक्षीदार फिरले आणि २०१७ मध्ये खुनाच्या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. तुमच्या प्रतिक्रियेत ‘आईबाप’ हा शब्द जागोजागी आहे, पण तो फक्त मुलीच्या आईबापांसाठी. या पोरांनाही आईबाप होते.

तुमची एक गोष्ट मात्र खरी आहे, आणि ती मी हलक्यात घेत नाही: बाप घाबरलेला असतो. जातपंचायत वाळीत टाकते, भावकी मयतीलाही येत नाही, धाकटीचं लग्न अडतं. हरियाणातल्या कैथल जिल्ह्यात २००७ साली सगोत्र लग्न केलेल्या जोडप्याला मुलीकडच्यांनी मारलं, आणि बहिष्कार पडला तो मुलाच्या घरावर. तरीही त्या मुलाच्या आईनं खटला शेवटपर्यंत लढवला. म्हणजे भीती खरी, पण ती घालणारे कोण? पारावर बसून ‘अमक्याच्या पोरीनं तोंड काळं केलं’ म्हणणारे, हळदीकुंकवाला मुद्दाम न बोलावणारे, ‘मी असतो तर जिवंत ठेवली नसती’ असं चहा पिता पिता बोलून जाणारे. खून एक जण करतो, मागणी मात्र बाकीच्यांची असते. नाशिकच्या त्या खुनानंतर जातपंचायतींविरुद्ध मोहीम उभी राहिली आणि महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा झाला. तो २०१७ पासून लागू आहे: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वाळीत टाकण्याच्या भीतीनं पिचलेल्या बापाला कोयत्याऐवजी हा रस्ता आहे. त्याला तो सांगणारं मात्र कुणी भेटत नाही. सहानुभूती दाखवणारे पुष्कळ भेटतात.

आता आई. पोरगी गेली की पहिला सवाल तिलाच येतो: ‘लक्ष कुठे होतं तुझं? हेच वळण लावलंस?’ घरात जमिनीच्या सातबाऱ्यावर तिचं नाव नसतं, मुलीच्या लग्नात तिचं मत कुणी विचारत नाही, पण मुलीच्या वागण्याची जबाबदारी सगळी तिची. ज्या घरात तिला हाच एक अधिकार मिळालाय, तिथे ती तो किती कडकपणे बजावेल, याचा विचार करा. सासूही बाईच असते, म्हणून हुंड्याचा छळ बायकांनी काढला असं आपण म्हणत नाही ना? वैजापूरच्या आईचा गुन्हा यानं तसूभर कमी होत नाही. ती ज्या व्यवस्थेची पहारेकरी होती ती व्यवस्था पुरुषांची, एवढंच माझं म्हणणं.

शिक्षणाचं थोडक्यात. इटलीत १९८१ पर्यंत दंडसंहितेत ५८७ वं कलम होतं. बायको, मुलगी किंवा बहीण परपुरुषासोबत सापडली आणि घराण्याच्या अब्रूसाठी संतापाच्या भरात तिला मारलं, तर शिक्षा अवघी तीन ते सात वर्षं. विद्यापीठं होती, वर्तमानपत्रं होती, आणि तुमचा ‘क्षणिक संताप’ कायद्यातच लिहून ठेवलेला होता. कलम निघालं ते बायकांच्या चळवळींच्या रेट्यामुळे. साक्षरता तर आधीपासून होतीच.

आणि ‘कायदे आहेतच की’? सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये लग्नांमधला खाप पंचायतींचा, म्हणजे उत्तरेकडच्या जात-गोत्राच्या पंचायतींचा, हस्तक्षेप बेकायदा ठरवला, अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवारे आणि विशेष कक्ष उभारायला सांगितले. पण जात-धर्म न बघता नोंदणी लग्न लावणाऱ्या १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं लग्न करायचं तर तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते, आणि ती नावपत्त्यासकट कार्यालयाच्या फलकावर लागते. शोधत असलेल्या भावाला आणखी काय हवं? पोलीस ठाण्यात गेलं तर ‘मुलगी बेपत्ता’ अशी नोंद आधीच झालेली असते, आणि वयाचा दाखला दाखवूनही कुणीतरी साहेब समजूत काढायला बसतात: आईवडिलांचा विचार कर, घरी जा.

तुम्ही शेवटी विचारलंय, ‘तुमच्या मुलीनं असं केलं तर?’ मला मुलगी आहे. मला नक्की राग येईल. मुलगा काय करतो, पितो का, हे खोदून विचारेन, भांडेन, कदाचित सहा महिने बोलणारही नाही. तेवढ्या दिवसांत तुमच्यासारखे परिचित घरी येऊन मला काय सांगतील, हे तुम्ही पुढच्या प्रतिक्रियेत लिहा. मी वाचेन.