मोटार काय पिच्चर देखस का?

आमच्या घरची सिमकार्डं तीन. एक आप्पांच्या बटणाच्या फोनात, एक मायच्या मोठ्या फोनात आणि तिसरं अमळनेर तालुक्यात, बोरीकाठच्या विहिरीवर, स्टार्टरच्या पेटीत. त्या नंबरावर फोन लावला की मोटार चालू होते. रात्रीची थ्री फेज असली तरी अंधारात, विंचूकाट्यातून बांधावर जावं लागत नाही.

डिसेंबर २०२४ मध्ये गव्हाला पाणी द्यायचं होतं आणि मोटार काही ऐकेना. तिकडे रात्रीचे साडेअकरा, इथे इंग्लंडात संध्याकाळचे सहा. मी बसमधून आप्पांना फ्यूज बघा, केबल बघा सांगतोय. शेवटी कळलं, रिचार्ज संपून इनकमिंगच बंद पडलं होतं. आप्पांच्या डोक्यात पाच तारीख पक्की होती. पण कंपन्यांचा महिना २८ दिवसांचा, वर्षाला तेरा महिने, तारीख दर वेळी मागे सरकते. दुसऱ्या दिवशी चुलतभावानं रिचार्ज मारला, त्यात रोजचा डेटा आलाच. आप्पा म्हणाले, "मोटार काय पिच्चर देखस का?"

जुलै २०२४ मध्ये दर वाढले, जिओचा २३९ चा प्लॅन २९९ ला गेला, तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर 'सगळे बीएसएनएलला चला' सुरू झालं होतं. त्यावर मी शहाणपणा केला: इथे मी महिन्याला दहा पौंड भरतो, म्हणजे हजारावर रुपये, तुम्ही कसली कुरकुर करता? परदेशात बसलेल्यांचं हे आवडतं गणित. ते चुकीचं नाही, पण ते जीबीचं गणित आहे. माझ्या ड्रॉवरमध्ये इथलं एक जुनं सिम पडलंय. सहा महिन्यांतून एखादा मेसेज केला की नंबर जिवंत राहतो, इनकमिंगला पैसा लागत नाही. आपल्याकडेही २०१८ च्या अखेरीपर्यंत बरंचसं असंच होतं. मग इनकमिंग चालू ठेवायलाही किमान ३५ रुपयांचा रिचार्ज लागू लागला आणि तो आकडा चढत गेला. डेटा स्वस्त, पण फोन नुसता वाजता ठेवणं महाग. आप्पांना आणि मोटारीला तेवढंच हवंय.

इथल्या कंपन्याही काही साव नाहीत. करार चालू असताना दर वसंतात बिल वाढतं. १७ जानेवारी २०२५ पासून नव्या करारात ती वाढ पौंड-पेन्सात आधी लिहून द्यावी लागते, एवढंच. कंपनी बदलणं मात्र सोपं: ६५०७५ वर मेसेज, उत्तरात कोड, पुढच्या कामकाजाच्या दिवशी नंबर नव्या कंपनीत. आपल्याकडे १९०० वर 'पोर्ट' आणि नंबर पाठवायचा, मग दुकानात ओळखपत्र, नवं सिम, तीनेक दिवस. फार काही वाईट नाही.

अडतं ते बांधावर. स्टार्टर आणि आप्पांचा फोन दोन्ही जुन्या टूजी नेटवर्कवर, आणि जिओकडे टूजीच नाही. स्वस्तात उरलं बीएसएनएल. चुलतभाऊ त्याचा बीएसएनएलचा फोन घेऊन रेंज बघायला विहिरीवर जाऊन उभा राहिला. "भो, आठे एकच दांडी शे. तीबी येस नि जास." सर्वांत स्वस्त कंपनी तिथेच बाद झाली. ग्रुपवर हे कुणी मोजलं नव्हतं, मीही नाही.

त्याच डिसेंबरात ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, कंपन्यांना फक्त कॉल-एसएमएसचे प्लॅन काढायला लावले आणि जानेवारीत ते आले. एअरटेलचा ८४ दिवसांचा ४६९ ला, वर्षाचा १८४९ ला. 'डेटा नाही तर उपयोग काय,' असं ग्रुपवर आलंच. आम्ही स्टार्टरला वर्षाचा मारला, आप्पांना ८४ दिवसांचा. मायचा डेटा कायम, तिला नातू दिसायला हवा.

१८४९ भरताना मी पौंडात हिशेब केला, सतरा-अठरा झाले. आप्पांनी कापसात केला: हमीभावानं पंचवीस-सव्वीस किलो, वेचणीची मजुरी वेगळी.